पट्टीवरची वेलांटी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे. काम तसं ठरलेलं. गुऱ्हाळावरून गाडी आली की गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजायचे, वजन लिहायचं, सौद्यात निघालेला दर टाकायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी द्यायची. ती पट्टी छापणारा प्रोग्राम मी २०२० साली सी प्लस प्लसमध्ये लिहिला. नाव, गाव, रवे, दर, निव्वळ रक्कम, सगळं मराठीत. पट्टी निघाली की तेवढ्याच रकमेचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो. पाच हंगाम तो बिनतक्रार चालला.

यंत्रावर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची २०.०४ ही आवृत्ती होती. मे २०२५ मध्ये तिचा नेहमीचा सपोर्ट संपला. यंत्रात शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आहेत, हिशोब आहेत. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेलं असं यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणं मला पटत नव्हतं. पण पावसाळ्यात वीज जाते-येते म्हणून थांबले, मग गणपती आले, मग दसरा. दसरा चौकातलं सोनं लुटून झालं आणि कॅलेंडर बघितलं, तर दिवाळीच्या पाडव्याला तीन आठवडेच उरले होते. पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि तिथून हंगाम धरतो. त्याआधी झालं तर झालं, नाहीतर थेट उन्हाळ्यात. दुकानाच्या मालकांना, अण्णांना, सांगितलं की शनिवारी रात्री बसते आणि रविवार हाताशी ठेवते. ते म्हणाले, "बसा की. पण सोमवारी सकाळी पट्टी निघाली पाहिजे, न्हाईतर दिवाणजी पावतीबुक काढून बसतील."

अपग्रेडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती उघडून दोन-चार फाइली वाचून बघितल्या, मग २२.०४ वर जाण्याची आज्ञा दिली. मध्यरात्रीच्या सुमाराला यंत्र नव्या आवृत्तीत उठलं. नेटवर्क आलं, प्रिंटर दिसला. दुकानाच्या नावाने लॉगिन केलं, 'पट्टी' टाइप केलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर एकच ओळ आली. शेअर्ड लायब्ररी लोड करताना चूक: लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१ ही फाइल उघडता येत नाही, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही.

ज्यांचा या गोष्टीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. शेअर्ड लायब्ररीची यंत्रावर एकच प्रत असते आणि अनेक प्रोग्राम तीच वापरतात. प्रोग्रामच्या फाइलीत फक्त तिचं नाव लिहिलेलं असतं, शेवटी एक आकडा. प्रोग्राम सुरू करताना डायनॅमिक लोडर ते नाव वाचतो, फाइल शोधतो आणि जोडून देतो. शेवटचा आकडा हा लायब्ररी लिहिणाऱ्यांनी दिलेला शब्द असतो: हा आकडा तोच आहे तोवर जुन्या प्रोग्रामला लागणारी फंक्शनं जशीच्या तशी मिळतील. शब्द पाळता येणार नाही असं झालं की ते आकडा बदलतात. लिबएसएसएल ही ओपनएसएसएलचा भाग, नेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी लायब्ररी. ओपनएसएसएलची ३.० ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली तेव्हा हेच झालं. उबुंटू २०.०४ मध्ये १.१.१ होती, २२.०४ मध्ये ३.० आहे. माझ्या प्रोग्रामला मेसेज पाठवण्यासाठी १.१ हवी होती आणि ती आता यंत्रावर नव्हतीच.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी रात्री साडेबाराला मी जे करू नये तेच केलं. नव्या लायब्ररीकडे बोट दाखवणारा सिमलिंक बनवला आणि त्याला जुनं नाव दिलं. लोडरला फाइल मिळाली, पण त्याने पुढचा प्रश्न विचारला: या फाइलीत 'ओपनएसएसएल_१_१_०' ही खूण कुठे आहे? लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनला अशी आवृत्तीची खूण असते आणि प्रोग्राम ती खुणेसकट मागतो. नव्या फाइलीत ३.० ची खूण होती. प्रोग्राम सुरू झाला नाही, हे चांगलंच झालं. लोडरने खूण तपासली नसती, तर आतली बदललेली रचना जुन्या समजुतीने वाचली गेली असती आणि मग हिशोबाच्या प्रोग्रामात काय झालं असतं याचा मी विचारही करू इच्छित नाही. सिमलिंक तिथल्या तिथे पुसून टाकला.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे जुन्या उबुंटूचं १.१ चं पॅकेज आणून नव्यावर बसवायचं. पुष्कळ लोक तसं करतात आणि चालतंही. पण १.१.१ ला मूळ प्रकल्पाने दिलेला आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. सुरक्षेसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची आणि नेमकी सुरक्षेचीच लायब्ररी जुनी ठेवायची, हे मला मान्य नव्हतं. प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मी लिहिलेला मूळ मजकूर, माझ्याकडे होता. नवीन हेडर फाइली बसवून त्याच यंत्रावर तो परत कंपाइल केला, म्हणजे त्यातून चालवता येईल अशी नवी फाइल बनवली. एसएचए-२५६ ची जुनी फंक्शनं आता कालबाह्य धरली जातात, असे इशारे आले, पण कंपाइल झालं. ती फंक्शनं बदलायचं काम वहीत लिहून ठेवलं.

रात्रीचा दीड वाजला होता. परत 'पट्टी', परत एंटर. आणि आता वेगळीच ओळ.

/ऑप्ट/पट्टी/लिब या फोल्डरातल्या लिबएसटीडीसी++ मध्ये 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.२९' ही आवृत्ती सापडत नाही, असं म्हणत होती. मी गोंधळले. सी प्लस प्लसची ही मूळ लायब्ररी, २२.०४ मध्ये ती नवी असते, त्यात ३.४.३० पर्यंतच्या खुणा असतात. मग २९ नाही कशी? सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारात, चालवून बघितलं, तर प्रोग्राम गुपचूप सुरू झाला. सुडोने चालतं म्हणजे परवानग्यांचा घोळ, असं वाटलं आणि पुढचा पाऊण तास मी फाइलींच्या मालक्या आणि परवानग्या बघण्यात घालवला. सगळ्या ठीक होत्या. मग बसवलेल्या पॅकेजांची यादी बघावी म्हणून साधं 'एपीटी लिस्ट' दिलं, तर एपीटीनेसुद्धा तीच तक्रार केली. त्या क्षणी पोटात गोळा आला. पॅकेज बसवणारं साधनच मोडलं असेल तर अपग्रेडच फसलं. पण 'सुडो एपीटी' मात्र नीट चालत होतं.

माझा प्रोग्राम आणि एपीटी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघेही फक्त दुकानाच्या लॉगिनमध्ये अडत होते आणि सुडोमध्ये सुटत होते. म्हणजे दोष फाइलींचा नव्हता, त्या लॉगिनच्या वातावरणाचा होता. सुडो काही एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे लॉगिनमधून प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंग, पुढे जाऊ देत नाही आणि त्यात एक आहे एलडी_लायब्ररी_पाथ. तो असला, की लोडर सिस्टिमच्या जागा बघण्याआधी त्यात लिहिलेल्या फोल्डरात शोधतो. अशा सेटिंग जिथे लिहितात ती डॉट बॅशआरसी ही फाइल उघडली. खाली शेवटी ती ओळ होती, वर माझीच टिप्पणी आणि तारीख, नोव्हेंबर २०२०.

मग सगळं आठवलं. तेव्हा दुकानाच्या यंत्रावर १८.०४ होतं आणि माझ्या लॅपटॉपवर २०.०४. लॅपटॉपवर कंपाइल केलेला प्रोग्राम यंत्रावर चालेना, कारण तिथली लिबएसटीडीसी++ जुनी होती. हंगाम सुरू झालेला, गाड्या उभ्या. मी लॅपटॉपवरची लायब्ररी उचलून /ऑप्ट/पट्टी/लिब मध्ये ठेवली आणि आधी तिथे बघ, असं लोडरला सांगून मोकळी झाले. पुढे यंत्र २०.०४ वर आलं तेव्हा ठेवलेली प्रत आणि सिस्टिमची प्रत दोन्हीत ३.४.२८ पर्यंतच खुणा होत्या, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. आता सिस्टिम पुढे गेली, प्रत तिथेच राहिली, आणि लोडर बिचारा सांगितल्याप्रमाणे आधी जुन्या प्रतीकडे जात राहिला.

डॉट बॅशआरसीमधली ओळ काढली, बाहेर पडून परत लॉगिन केलं. एपीटी चाललं. पट्टी चालली. एलडीडी या आज्ञेने प्रोग्रामला कोणती लायब्ररी कुठून मिळते याची यादी काढली. प्रत्येक ओळीसमोर सिस्टिमची जागा, 'सापडली नाही' असं कुठेच नाही. खोटी नोंद घालून दहा रव्यांचा हिशोब केला, माझ्याच मोबाइलवर मेसेज आला, कॅल्क्युलेटरवर रक्कम ताडून बघितली. पैशाचा फरक नव्हता. साडेतीनला शटर ओढून राजारामपुरीत घरी आले.

रविवारी दुपारी दिवाणजी मुद्दाम आले होते, म्हणाले मी एकदा हात फिरवून बघतो. ते चाळीस वर्षं यार्डात आहेत, पट्टी हाताने लिहायची तेव्हापासून. त्यांनी गेल्या हंगामातल्या चार नोंदी काढल्या आणि छापायला दिल्या. मी नव्या पॅकेजांची यादी वहीत उतरवत होते. प्रिंटर थांबला आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. वर बघितलं तर ते कागद डोळ्यांजवळ धरून उभे होते.

"ताई, ह्ये गाव कंचं वो?"

कागदावर छापलं होतं: प्रयाग चखिली.

मी कागद हातात घेतला. 'प्रयाग'मधला प आणि र वेगळे, मध्ये पाय मोडल्याची खूण. 'चिखली'ची पहिली वेलांटी च सोडून ख ला चिकटलेली. दुसऱ्या पट्टीवर 'बहिरेश्वर'चा श्व फुटलेला, ते 'बहरिेश् वर' असं काहीतरी दिसत होतं. आणि 'कृष्णात' या नावातल्या ष्ण चे दोन तुकडे. आपल्या भागात घरटी एक कृष्णात सापडेल, म्हणजे यार्डात रोज दहा पट्ट्यांवर हे नाव मोडून छापलं गेलं असतं. वरच्या मथळ्यात 'श्री'सुद्धा शाबूत नव्हतं.

"आकडं बराबर हाईत," दिवाणजी हळू आवाजात म्हणाले. "पण माणूस पट्टी हातात घेतली की आधी आपलं नाव बघतो."

मी रात्री रक्कम ताडली होती आणि माझ्या खोट्या नोंदीतलं नाव होतं 'राम कदम', ज्यात ना जोडाक्षर, ना वेलांटी.

हे असं का दिसतं ते सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भेटतं. युनिकोडमध्ये 'चि' साठवताना आधी च असतो आणि मग पहिली वेलांटी. ती उचलून अक्षराच्या डावीकडे नेणं, प आणि र यांचं प्र करणं, मार्केटमधला रफार ट च्या नाही तर के च्या डोक्यावर ठेवणं, हे काम मजकूर छापताना वेगळी लायब्ररी करते. हार्फबझ ही त्यातली मुख्य. माझा प्रोग्राम हार्फबझकडे सरळ जात नाही, मध्ये रक्म नावाची छोटी लायब्ररी आहे, ती सगळं जुळवून देते. तिचं नाव अरबीतलं, अर्थ लिखाण आणि आकडाही. आपल्या पट्टीवरची 'रक्कम' त्याच धातूतून आलेली आहे. २०२० मध्ये हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि म्हणूनही मी ती निवडली होती.

मग रक्म गेली कुठे? एलडीडीच्या यादीत परत बघितलं. तिचं नावच नव्हतं. सापडली नाही असंही नाही, मुळात उल्लेखच नाही. माझाच सोर्स उघडून वाचला तेव्हा कळलं. मी ती कंपाइल करताना जोडली नव्हती, प्रोग्राम चालू झाल्यावर डीएलओपन या फंक्शनने मागवत होते. मिळाली तर तिच्याकडून मांडणी करून घ्यायची, नाही मिळाली तर अक्षरं जशी साठवलीत तशी एकापुढे एक ठेवायची, असं लिहिलं होतं. अडून बसण्यापेक्षा काहीतरी छापलेलं बरं, असा तेव्हाचा विचार. पायथॉनमधली पिलो लायब्ररीही रक्म नसेल तर अशीच साध्या मांडणीवर येते, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. अशी मागवलेली लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलीतल्या यादीत नसते आणि एलडीडी ती यादीच वाचते.

लोडर स्वतः काय करतो ते बघायची सोय आहे. एलडी_डीबग या व्हेरिएबलला 'लिब्ज' अशी किंमत देऊन प्रोग्राम सुरू केला, की तो प्रत्येक लायब्ररी कुठे कुठे शोधतो ते ओळीने लिहीत जातो. शेकडो ओळी येतात, म्हणून त्या फाइलीत घेतल्या आणि रक्म हा शब्द शोधला. तीन-चार ओळी मिळाल्या: लिबरक्म डॉट एसओ डॉट ० शोधतोय, कॅशमध्ये बघतोय, मग सिस्टिमची फोल्डरं एकेक. आणि त्यानंतर काही नाही, थेट पुढचं काम. चूक नाही, इशारा नाही. नीट चालणाऱ्या लायब्ररीच्या बाबतीत या ओळींनंतर ती सुरू केल्याची नोंद येते, ती इथे नव्हती.

ती होती /ऑप्ट/पट्टी/लिब मध्ये. २०२० च्या त्या घाईत लिबएसटीडीसी++ च्या शेजारीच मी रक्मही ठेवली होती. रात्री एलडी_लायब्ररी_पाथची ओळ काढली, त्यातून एक भांडण मिटलं आणि त्याच ओळीच्या आधारावर उभी असलेली दुसरी गोष्ट न बोलता खाली आली. सुडोने चालवलं तेव्हाही अक्षरं मोडलेलीच छापली गेली असती, पण तेव्हा मी छापून बघितलंच नव्हतं.

ओळ परत घालायची नाही हे नक्की होतं. रक्म एकटीच तिथून उचलून सिस्टिमच्या फोल्डरात टाकली असती तरी काम झालं असतं, पण मग २४.०४ ला जाताना मी परत इथेच बसले असते. उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजांत रक्म आहे. ते बसवलं, त्याची हेडर फाइल आणली आणि डीएलओपनची सगळी भानगड काढून टाकून प्रोग्राम रक्मशी सरळ जोडला. आता ती नसेल तर पट्टी सुरूच होणार नाही, पहिल्याच ओळीत ओरडेल. एलडीडीत नाव दिसलं, जागा सिस्टिमची. /ऑप्ट/पट्टी/लिब चं नाव बदलून ते बाजूला ठेवलं, परत लॉगिन केलं, परत छापलं. मग शोधाशोध करून अजून कुठे तो व्हेरिएबल लावलाय का ते बघितलं. रात्रीचा बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक सापडला, तोही काढला.

दिवाणजी तोवर स्टुलावर बसून होते. नवीन पट्टी त्यांच्याकडे दिली. त्यांनी चष्मा पुसला, बोटाने एकेक शब्द धरत वाचलं: श्री. कृष्णात. मुक्काम बहिरेश्वर. तालुका करवीर. मग मान हलवली.

त्यांना म्हटलं, "काका, मला अशी नावं सांगा जी लिहायला अवघड आहेत. अपग्रेडनंतर दर वेळी आधी तीच छापून बघायची." त्यांना यादी कशासाठी हवी ते लगेच समजलं. डोळे मिटून सांगू लागले, मी टाइप करत गेले. प्रयाग चिखली. बहिरेश्वर. म्हाळुंगे. शिंगणापूर. निगवे दुमाला. ज्ञानदेव, दत्तात्रय, विष्णू. गुऱ्हाळ हा शब्द मी घातला, त्यातल्या ऱ्ह साठी. सगळं एका पानावर आलं. छापून त्यांच्याकडे दिलं, त्यांनी एकदा वरून खाली वाचलं आणि खिशातलं पेन काढून खाली हाताने एक ओळ वाढवली: 'निव्वळ रक्कम रुपये'.

"ह्ये बी घाला," म्हणाले. "व्व आन् क्क, दोन्ही यायला पायजेत."

घातलं. ते पान आता प्रिंटरच्या वरच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे, शेजारी तारखा लिहायला जागा सोडून. पहिली तारीख दिवाणजींच्या अक्षरात आहे.